मोहरातली बदली

दाजीकाका एकदा शिंकायला लागले की एकवीसच्या आत थांबत नसत. मी मोजलेल्या आहेत. ठाण्याच्या मिठाच्या कचेरीत माझी जागा त्यांच्या शेजारी आणि घरही भिंतीला लागून, त्यामुळे मोजायला सवड भरपूर मिळाली.

माघ लागला की त्यांचं नाक वाहू लागे, डोळे लाल होत, टाळू खाजते म्हणून ते जिभेनं टकटक करत. फाल्गुनात छातीतून शिट्टी वाजे. कचेरीतले लोक मायाळू नव्हतेच. कुणी कामाला निघाला आणि काका शिंकले की तो परत खाली बसे आणि राहिलेलं काम काकांच्या नाकावर ढकलून मोकळा होई. आमच्या शिरस्तेदारांची कल्याणची गाडी दोनदा चुकली. ते घरूनच उशिरा निघत, पण अपशकुनी ठरले काका.

उपाय थोडे झाले नाहीत. वैद्यबुवांनी नाकात तेल सोडलं, सुंठेचा काढा पाजला, दही तोडलं. कुणीतरी धोतऱ्याची पानं जाळून धूर घ्यायला सांगितलं. त्यानं दम मोकळा झाला, पण डोकं असं फिरलं की काकांनी गोऱ्या साहेबाला सलाम करायच्या ऐवजी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

शेवटी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, मुंबईत शिकून आलेला.

"कधीपासून होतंय?" त्यानं विचारलं.

"झाली की आठ-नऊ वर्षं."

"त्या साली घरात नवं काय आलं?"

काकांनी बोटांवर वर्षं मोजली आणि म्हणाले, "दारचा आंबा पहिल्यांदा मोहरला."

विलायतेत गवत फुललं की काही लोकांना हेच होतं, डॉक्टर म्हणाला. फुलांची बारीक धूळ नाकात जाते आणि एखाद्याला ती सोसत नाही. "औषधानं आराम पडेल, पण दर वर्षी हे उलटणार. झाड तोडा, नाहीतर मोहराच्या दिवसांत लांब राहा."

आता हे झाड कुठलं, ते सांगायला हवं. मथुराकाकूंचं पाळण्यातलं मूल गेलं त्या साली त्यांनी माहेराहून, कल्याणहून, कोय आणून दारात लावली होती. पुढे मूलबाळ झालं नाही. काकू त्या झाडाशी बोलत. मोहर आला की तुडतुडे पडू नयेत म्हणून रोज संध्याकाळी बुंध्याशी धुरी घालत.

दवाखान्याबाहेर आल्यावर काकांनी माझं मनगट धरलं. "हिच्याजवळ बोललास तर याद राख. ऐकलं की आजच कुऱ्हाडवाला बोलावील ती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, कारण स्वतः लिहायला बसले की कागदावर नाक गळे. कळव्यापलीकडच्या मिठागरावर दोन महिने देखरेखीला पाठवावं, असा अर्ज. तिथं प्यायचं पाणीसुद्धा होडीनं जाई, त्यामुळे तिथं जायला कुणी तयार नसे. साहेबानं तो आनंदानं मंजूर केला. घरी काका म्हणाले, "हुकूम आहे, इलाज नाही."

सहा वर्षं हाच अर्ज आणि घरी हेच वाक्य. मिठागरावर गवताची काडी उगवत नाही, काका तिथं ठणठणीत असत. मी एकदा गेलो तेव्हा तिथला आगरी मुकादम म्हणाला, "काका हितं एकदा पन शिंकत नाय. पन रोज ठान्याकडं तोंड करून बसतान."

आळीत मात्र काका बायकोला विटले, अशी बातमी होती. आमची आळी अशा बातम्या फुकट पोचवते. काकूंनी मला विचारलं, "दर वर्षी हुकूम ह्यांनाच कसा येतो रे?"

"साहेबाची मर्जी," मी म्हणालो. खोटं इतकं सफाईदार निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

"बरं," म्हणून त्या धुरी घालायला गेल्या.

गेल्या फाल्गुनात काकू तापानं गेल्या, तीन दिवसांत. अंगात ताप असताना त्यांनी मला विचारलं, "ह्यांचा हुकूम रद्द नाही का होत?" तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. उद्या त्या उठून बसतील, मग बघू, असं म्हणून मी गप्प राहिलो. शब्द पाळला म्हणे. भित्रा होतो, दुसरं काही नाही. काका होडीनं येईस्तोवर सगळं उरकलं होतं.

यंदा माघ लागताच मी आपणहून अर्ज लिहून त्यांच्याकडे नेला. ते आंब्याखाली उकिडवे बसून धुरी फुंकत होते. डोळे सुजलेले, छातीची शिट्टी फाटकापर्यंत ऐकू येत होती.

"काका, सही करा."

त्यांनी अर्ज वाचला, घडी केली आणि धुरीत सारला.

"तुडतुडे पडले तर मोहर गळेल. तिनं एकाही साली गळू दिला नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाताना माझ्याबद्दल काही विचारलं का रे तिनं?"

"नाही काका," मी म्हणालो. "झोपेतच गेल्या."

त्यांनी मान हलवली. मग शिंका सुरू झाल्या. मी मोजल्या नाहीत.