सात वार, एक बैठक

"माझा प्रोग्रॅम बसवताना गिऱ्हाइकाला एक शब्द जरी विचारावा लागला, तर मिशी उतरवीन!" दिनानाथने जाहीर केलं. त्याला मिशी नव्हतीच, त्यामुळे पैज तशी निर्धोक होती.

मात्र बाकी सगळं पणाला लागलं होतं. चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्याने वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटसाठी मराठीत बिलं छापणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पहिलं गिऱ्हाईक हौसेराव, मूळचे साताऱ्याचे, गल्लीतले वजनदार व्यापारी. शुक्रवारी दसरा. त्या मुहूर्तावर साऱ्या गल्लीदेखत पहिलं बिल निघायचं होतं. निघालं तर गल्ली आपली. नाही निघालं तर जुन्या साहेबाच्या दारात पुन्हा हात जोडून उभं राहायचं!

प्रोग्रॅम सात फ्लॉप्यांवर मावला होता. एकीमागून एक घातल्या की पाव तासात काम फत्ते. पण त्यांना नावं काय द्यायची?

"वेड्यालासुद्धा क्रम कळला पाहिजे," दिनानाथ म्हणाला.

"अहो, मग वारांची द्या ना," अरुणा देवापुढची वात सारखी करत म्हणाली. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, असा तिचा आठवडा उपासांनीच विणलेला. "सोमवारनंतर मंगळवार येतो, हे काही कुणाला शिकवावं लागत नाही."

दिनानाथ हरखला! सोमवारला पांढरी चिठ्ठी, मंगळवारला लाल, गुरुवारला पिवळी. सातही फ्लॉप्या सुबक खोक्यात बसल्या. सूचनांचं पुस्तक नाही, काही नाही. झाकणावर एकच ओळ: 'सोमवारपासून सुरुवात करा. पुढचं यंत्र सांगेल.'

खोकं वाशीला रवाना झालं. सोमवारी संध्याकाळी फोन आला.

"सोमवार झ्याक झाला बगा!" हौसेराव म्हणाले.

"छान, छान!"

मंगळवारी पुन्हा. "मंगळवार बी झाला. कायबी तरास न्हाई."

"किती सज्जन माणूस!" दिनानाथ अरुणाला म्हणाला. "दिवस कसा गेला ते रोज आठवणीने कळवतो!"

बुधवारही झाला. गुरुवारी मात्र आवाज कापरा झाला होता.

"गुरुवार आत्ताच घातला. पन सायेब, उद्या दसरा! शनवार-रयवार ऱ्हायलं की वो! दसरा काय हालवता येत न्हाई. तुमी कायतरी हालवा!"

दिनानाथने रिसीव्हर टाकला. तो तडक वाशीला धावला.

गाळ्यात घट बसले होते. घटाशेजारी कॉम्प्युटर! त्यावर झेंडूच्या चार माळा, पुढे उदबत्ती. पडद्यावर अक्षरं लखलखत होती: 'आता शुक्रवार घाला.'

"चपला भाईर!" हौसेरावांच्या पत्नी, वेणूबाई, गरजल्या. "सोमवारपास्नं डोळ्यात तेल घालून बसलोय. दिवा इझाय नको तसं ह्ये बी इझाय नको. रोजची एक माळ, रोजची एक फ्लॉपी."

"अहो काकू, या सगळ्या आजच घालायच्या! वार म्हणजे नुसती नावं आहेत!"

"नुसती नावं?" वेणूबाईंनी कपाळावर हात मारला. "बेस्तरवारी शनवार घालताय? मारुतीला काय सांगू?"

"आन् तुमीच लिवलंय की, सोमवारपास्नं सुरुवात करा," हौसेरावांनी खोकं पुढे केलं. "आमी पैल्यापास्नं सोमवारच धरला!"

समजावून दिनानाथचा घसा बसला. वेणूबाई यंत्रापुढून तसूभर हलेनात. शेवटी त्याला घरचं देवघर आठवलं.

"काकू, पारायण करताना अडचण आली, तर राहिलेले अध्याय एका बैठकीत पुरे करतात की नाही?"

वेणूबाई विचारात पडल्या. "करत्यात खरं."

"मग? तसंच हे!"

"पन त्ये येऱ्यागबाळ्यानं न्हाई करायचं. तुमीच बसा. आन् पाय धुऊन या आदी."

दिनानाथ पाय धुऊन आला. पाटावर बसला. शुक्रवार घातला, शनिवार घातला; शनिवार घालताना वेणूबाईंनी यंत्राभोवती तेलाची वाटी ओवाळली. रविवार आत गेला आणि पडद्यावर शब्द उमटले: 'प्रोग्रॅम तयार आहे.' सगळ्यांनी हात जोडले. गडबडीत दिनानाथनेही जोडले!

दसऱ्याला गल्ली लोटली. छपाईयंत्र करकरलं, बिल निघालं, त्यावर हळदकुंकू पडलं. शेजारच्या गाळ्याचे बाबासो पुढे झाले.

"आमाला बी पायजे. सगळ्या गल्लीला पायजे."

दिनानाथच्या डोळ्यांत पाणी आलं. "देतो ना! आणि आता फ्लॉप्यांवर साधे एक, दोन, तीन असे आकडे घालतो, म्हणजे—"

"आकडं?" बाबासोंचा चेहरा पडला. "आकड्याचं कोन घेतंय? वाराचंच द्या. आन् बसवाय तुमीच या."

दिनानाथ संध्याकाळी घरी परतला तो घामाने डबडबलेला. अरुणाने दारातच विचारलं, "चालला का हो प्रोग्रॅम?"

"चालला. सगळी गल्ली घेणार आहे."

"देव पावला! मग चेहरा का असा? आणि हे नारळ, उपरणं, तांदूळ कसले?"

दिनानाथने मान खाली घातली.

"दक्षिणा."