साराकाकूंच्या घरातली चिंबोरी

फोटोग्राफीतलं मला बरंच कळतं. हे मी स्वतः म्हणत नाही, आमच्या कंपनीतले लोक म्हणतात. म्हणजे मी विचारलं की म्हणतात.

म्हणूनच त्या रविवारचा फोटो मीच काढणार, हे मी एलियासकाकांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

एलियासकाका आणि साराकाकू म्हणजे अष्टमी गावातले आमचे बेने इस्रायली ज्यू शेजारी. त्यांचा मुलगा एझ्रा इस्रायलला असतो. तो बायकोला आणि छोट्या नोआला घेऊन आला होता, जाताना आईवडिलांना कायमचं घेऊन जाणार होता. त्याआधी घरात शेवटचा मलिदा ठेवला होता. गोड पोह्यांचं मोठं ताट, वर खजूर, फळं, गुलाबाच्या पाकळ्या, आणि एलियाहू नबीची प्रार्थना. उरलेसुरले सगळे नातेवाईक येणार होते.

"येकच फोटो पायजे," काका म्हणाले. "सगल्यांचा, या घरात. परत काय आमी हितं जमत नाय. स्टुडिओवाल्याला सांगू काय?"

"काका, मी असताना?"

मलिद्याला पोहे पेणचेच हवेत, असा काकूंचा हट्ट. ते आणायला मी पेणला गेलो आणि पोह्यांबरोबर एक छोटा ट्रायपॉड घेऊन आलो. त्याचे तिन्ही पाय रबरी मणी ओवल्यासारखे, हवे तसे वळणारे. झाडाला गुंडाळा, कठड्याला गुंडाळा, कुठेही बसतो. दुकानदार म्हणाला, "मोबाइलला एकदम बेस्ट." माझा कॅमेरा चांगला वीट उचलावी एवढा जड आहे. पण ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काकूंनी ते खेकड्यासारखं प्रकरण पाहिलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. "प्रणित, ही चिंबोरी कशाला आणलीस घरात? आमच्यात चालत नाय रे."

"काकू, खायची नाही. फोटोची आहे."

"मंग भायेरच ठेव."

मी बाहेरच ठेवली. पुढच्या पडवीत दाराला लागूनच खिडकी आहे. तिच्या गजाला दोन पाय गुंडाळले, तिसरा दाराच्या चौकटीवर टेकवला. चौकटीवर एक छोटी तिरकी डबी ठोकलेली होती. पायाला आधार म्हणून ती अगदी देवाने दिल्यासारखी! गजांमधून कॅमेरा आत रोखला. रिकाम्या खोलीचा एक फोटो काढून बघितला. काय फोटो होता! भिंतीवरच्या घड्याळाचे काटेसुद्धा दिसत होते.

"अहो, एकदा हलवून बघा ना," माझी बायको पूजा म्हणाली.

"यातलं तुला काय कळतंय?" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. पूजाने ठेवलंय.

पाहुणे यायला लागले. आणि काय सांगू, जो येईल तो दारात थांबून माझ्या ट्रायपॉडला हात लावी! खांब गावाहून आलेल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी तर हात लावून बोटं ओठांना टेकवली. मी म्हटलं, बघा, जुन्या माणसांना वस्तूची किंमत असते. माझी मान ताठ झाली. कॅमेऱ्याची मात्र प्रत्येक हाताबरोबर थोडी थोडी खाली जात होती. पण तिच्याकडे बघायला मी होतो कुठे? मी स्वागत करत होतो.

"आधी फोटो, मंग प्रार्थना," काकांनी सांगितलं. "ताटाला कोणी हात लावायच्या आत."

सगळे ताटाभोवती दाटीवाटीने बसले. मी फर्मान काढलं, "कोणी मोबाइल काढायचा नाही. नजर वेगवेगळीकडे जाते. सगळ्यांनी खिडकीकडे बघा." आणि मीही पुढे जाऊन बसलो. ट्रायपॉडचा हाच तर फायदा, फोटोग्राफरही फोटोत येतो. उजव्या हातात मोबाइल, त्यावर बटण दाबलं की कॅमेरा फोटो काढणार.

दाबत राहिलो. एक डोळे मिटतो, दुसरा शिंकतो, म्हणून पुन्हा दाबलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. ताट माझ्या गुडघ्याला लागलेलं. सगळ्यांचे डोळे खिडकीकडे. माझा डावा हात कधी गेला आणि खजूर कधी तोंडात आला, मलाच कळलं नाही. खोटं कशाला बोलू, कळलं.

फोटो झाला. काकू ताट नीट करायला वाकल्या. त्यांनी खजूर नक्षी काढून लावले होते, त्या नक्षीला भोक पडलेलं. त्यांनी शेजारी बसलेल्या नोआकडे पाहिलं.

"गो, प्रार्थनेच्या आधी हात लावलास?"

"मी नाय," नोआ म्हणाली. तिला मराठी तेवढंच येत होतं.

"खोटं नाय बोलायचं."

पोरीचे डोळे भरून आले. मी सांगायला हवं होतं. पण तोंडात बी होती. बी गिळली, आणि तिच्याबरोबर शब्दही.

मलिदा झाला, जेवणं झाली, पेणचे, ठाण्याचे, खांबचे सगळे निरोप घेऊन रडून गेले. संध्याकाळी घरची माणसं टीव्हीसमोर बसली आणि मी, आधी न बघता, ट्रायपॉड खिडकीतच ठेवून कॅमेरा टीव्हीला जोडला.

पहिला फोटो रिकाम्या खोलीचा. "वा," काका म्हणाले.

दुसऱ्यात माणसं, पण कपाळं कापलेली. तिसऱ्यात गळ्यापासून खाली; कॅमेरा स्वतःच्या वजनाने वाकतच चालला होता. त्यापुढे नुसत्या मांड्या, साड्यांचे काठ, आणि मधोमध मलिद्याचं ताट, सुरेख, लख्ख. मग ताटाच्या कडेला एक हात आला. मनगटावर सुरक्षा सप्ताहात कंपनीने दिलेलं पिवळ्या तबकडीचं घड्याळ. पुढच्या फोटोत हात खजुरावर. त्यापुढच्या फोटोत खजूर हातात.

सगळ्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. मी हात पाठीमागे घेतला, पण आता त्याचा काय उपयोग!

"मी नाय," नोआ हळूच म्हणाली.

काकूंनी तिला जवळ ओढून पोटाशी धरलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या नोआच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका उठून पडवीत गेले. तिथून त्यांचा आवाज आला, "अरे, ह्या चिंबोरीचा पाय मेझुझावर हाय!"

ती तिरकी डबी म्हणजे मेझुझा. आत धर्मवचन असतं. येताजाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची, ही त्यांची रीत. इतक्या वर्षांचा शेजारी मी, पण कायम मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरणारा. पुढच्या चौकटीकडे कधी बघितलंच नव्हतं.

"तरी म्हनलं, बोटांना रबराचा वास कसला," काका म्हणाले.

"आमच्या सात पिढ्यांनी चिंबोरी तोंडाला लावली नाय," काकू म्हणाल्या, "आज सगल्यांनी तिचा मुका घेतला." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि मग हसत नव्हत्या.

मी माफी मागितली. नोआची वेगळी मागितली. हे सगळे फोटो पुसून टाकतो म्हणालो.

"पुसतोस कशाला?" काका म्हणाले. "आमचा तेवढाच फोटो हाय."

तर अशा ट्रायपॉडचा फोटोला उपयोग होतो का? होतो. मोबाइल लावून पूजा त्याच्यावर रेसिपी बघते, छान बसतो. जड कॅमेरा लावायचा असेल तर आधी हलवून बघावा, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

काका-काकू तिकडे रमले आहेत. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो. त्यांच्या मागच्या भिंतीवर चौकटीत तो फोटो लावलाय, नोआने निवडून दिलेला, खजूर हातात असलेला. घरी येणारे विचारतात, यात काका कोणते, काकू कोणत्या? कोणाला ओळखता येत नाही. मग विचारतात, हा हात कुणाचा?

"आमच्या शेजाऱ्याचा," काका सांगतात, आणि फोन त्यांच्याकडे वळवून मला दाखवतात.

घड्याळ मी तेव्हापासून कपाटात ठेवलंय. किती वाजले ते पूजाला विचारतो.