सरकारमान्य शत्रू

"जय भीम, पावणं. मी कांबळे. बत्तीस वर्सं सरकारी नोकरी केली. हुद्दा, शत्रू."

शेजारच्या घरात नव्याने राहायला आलेल्या माणसाने फाटकाशी उभं राहून अशी ओळख करून दिली, तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं भांडं हिंदकळलं. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. शत्रू मला पुस्तकांत भेटलेले. दारात येऊन वाटीभर साखर मागणारा हा पहिलाच.

कांबळेअण्णांना जाऊन आता तीन महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी त्यांची नोकरी सांगायला हवी, कारण निवृत्तीनंतरही त्यांनी ती सोडली नव्हती.

लढाऊ विमानात एक यंत्र असतं. शत्रूच्या रडारने विमान हेरलं की ते वैमानिकाच्या कानात ओरडतं. पण ते वेळेवर ओरडेल की नाही, हे आधी तपासायचं कसं? खरा शत्रू काही चाचणीला येत नाही. म्हणून बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत अण्णा खोटा शत्रू तयार करत. एका पेटीतून हुबेहूब शत्रूच्या रडारसारख्या लहरी सोडायच्या आणि विमानातलं यंत्र जागं होतं का, ते पाहायचं.

"म्हंजे बघा सर, पगार आपल्या सरकारचा आनि काम दुश्मनाचं. ते बी इमानदारीनं!"

राजारामपुरीच्या मागच्या आमच्या गल्लीत या इमानदारीचा सगळ्यांना प्रसाद मिळाला. अण्णा औषधाच्या दुकानात जाऊन मनानेच रचलेल्या गोळीचं नाव सांगत. दुकानदार म्हणे, "हाय की, उद्या मागवून देतो." अण्णा तिथल्या तिथे निकाल लावत, "नापास!" एकदा त्यांनी मुद्दाम अर्धवट पत्ता घालून स्वतःलाच पत्र पाठवलं. पोस्टमनने ते बिनचूक आणून दिलं आणि वर म्हणाला, "अण्णा, अक्षर तुमचंच हाय की." अण्णांनी त्याला चहा पाजला. नंतर मला हळूच म्हणाले, "चूक माझी. शत्रूनं सोताच्या अक्षरात लिवायचं नसतंय."

माणसांची प्रतवारीही ते रडारवरूनच करत. तोंडाने बारीक शीळ घालून दाखवत. थांबून थांबून वाजणारी शीळ म्हणजे नुसतं फिरणारं रडार. "त्यो माझा घरमालक बघा. गरागरा फिरतोय, समद्यांकडं बघतोय, पर धोका न्हाय." भराभर वाजणारी शीळ म्हणजे आपल्यावर नजर ठरली. आणि अखंड शीळ म्हणजे रडार चिकटलं, आता सुटका नाही. फाटकाशी विम्याचा एजंट दिसला की शेजारून अखंड शीळ ऐकू येई, आणि मी मागच्या दाराने सटके.

माझी थोरली बहीण, आक्का, खालच्या मजल्यावर राहायची, मी वर. आक्काला हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता. एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोबतीला बाई ठेवायला आक्का तयार नव्हती. "मी काय दूध आहे, उतू जाईल म्हणून लक्ष ठेवायला?"

अण्णांनी तोडगा काढला. आक्काच्या कॉटला एक बटण बसवलं आणि माझ्या खोलीत बेल. मी आभार मानले. अण्णा म्हणाले, "आभार कशाचं? आता चाचनी घ्याय पायजे."

"सांगा, कधी घेताय?"

"सांगून येतो त्यो पावना, सर. न सांगता येतो त्यो शत्रू."

चार दिवसांनी मी दाढी करत असताना बेल वाजली. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत खाली गेलो. आक्का बशीतून चहा पीत होती. शेजारी अण्णा, हातात थांबघड्याळ.

"छप्पन्न सेकंद. विमान पडलं, सर."

"आणि मी पण," आक्का म्हणाली.

दोघं पोट धरून हसली. मी मात्र जिन्यावर बसून गालावरचा साबण पुसला.

त्यानंतर अण्णा आठवड्याला एकदोनदा बेल वाजवत. कधी मी जेवताना, कधी आंघोळीत. माझा वेळ छप्पन्नवरून तीसवर आला, तीसवरून वीसवर. आणि मग एका रविवारी बेल वाजली तरी मी उठलो नाही. पुस्तकाचं पान उलटलं.

अण्णा वर आले. "का आला न्हाईसा?"

"कारण ती तुमची होती," मी काहीशा अभिमानाने म्हणालो. "तुम्ही तीनदा दाबता, अगदी सारख्या अंतराने. टंकलेखन केल्यासारखं. मला आता ओळखू येतं."

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"म्हंजे तुमी धोका वळखायला न्हाय शिकलासा. मला वळखायला शिकलासा." मग म्हणाले, "प्रयोगशाळेत ह्येच झालंतं. माझ्या पेटीतल्या लहरी लई साफ. यंत्र दर खेपेला पास, साहेब खूश. मग एकदा त्येला खऱ्याखुऱ्या जुन्या रडारम्होरं नेलं. त्येच्या लहरी खडबडीत, अडखळत येनाऱ्या. यंत्र गप्प! मी त्येला माझीच लबाडी शिकवलीती, सर."

पुढचे आठ दिवस बेल वाजली नाही. नवव्या दिवशी वाजली.

एकदाच, तुटक. मग काहीच नाही. इतका वेळ की मला भास वाटला. मग दोनदा, एकावर एक आदळल्यासारखी. आणि शेवटी एक अर्धवट आवाज, वाजता वाजता राहून गेलेला.

मी धावलो. शेवटच्या तीन पायऱ्या चुकल्या आणि गुडघा फुटला. आत आक्का मेथी निवडत बसली होती. माझा चेहरा पाहून तिच्या हातातली जुडी गळून पडली. अण्णा बटणावर बोट ठेवून, डोळे मिटून उभे होते. हातात घड्याळ नव्हतं.

मी जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. "मरणाची नक्कल करता तुम्ही? माझ्या बहिणीच्या मरणाची? चालते व्हा!"

"नक्कल न्हवं, सर," अण्णा एवढंच म्हणाले. "खरी हाय ती." आणि चपला घालून निघून गेले.

आक्काने सांडलेली मेथी गोळा केली. मग म्हणाली, "ओरडायला नको होतंस, वासू. बटण दाबण्याआधी त्यांनी डोळे मिटून हात जोडले."

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. गल्लीत समोरासमोर आलो की अण्णा बाजूच्या भिंतीकडे पाहत. विम्याचा एजंट दोनदा येऊन गेला. शीळ आली नाही.

मग एका सकाळी, कॉलेजला निघायच्या तयारीत असताना, बेल वाजली. एकदाच, तुटक. मग शांतता.

त्या शांततेतच माझे पाय जिन्यावर होते. पूर्वीचा मी असतो तर थांबलो असतो. चुकून धक्का लागला असेल म्हणालो असतो. पुढची बेल ऐकली तेव्हा मी निम्मा जिना उतरलो होतो. आक्का कॉटखाली पडली होती, बटणाची वायर मुठीत धरून. ओठ निळे पडले होते. मी "अण्णा!" अशी हाक मारली आणि ते मधल्या भिंतीवरून उडी टाकून आले. साठी उलटलेला माणूस! त्यांनीच रिक्षा थांबवली, त्यांनीच आक्काचं डोकं मांडीवर घेतलं.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. वेळेत आणलंत, म्हणाले. पाच-दहा मिनिटं आणखी गेली असती तर उपयोग नव्हता.

आम्ही दवाखान्याच्या बोळात लाकडी बाकावर बसलो. माफी कशी मागावी ते मला सुचेना. अण्णांनीच तोंड उघडलं.

"कशी वाजली?"

"काय?"

"बेल. वाजवून दावा की."

हा माणूस इथेही निकाल लावणार, या विचाराने मी थक्क झालो. तरी बोटाने बाकावर वाजवून दाखवलं. एक. थांबलो. दोन, लगोलग. मग एक, न लागल्यासारखं.

अण्णा मान खाली घालून ऐकत होते. "आनखी एकदा."

मी पुन्हा वाजवलं.

"तशीच," ते म्हणाले. "आमच्या हिचा शेवटचा ठोका जरा उशिरा आलाता."

मग अण्णांनी सांगितलं, बाकाकडे पाहतच.

"बंगळूरला क्वार्टरमधी ऱ्हायचो. मी धावपट्टीवर गेलतो, चाचनीला. घरात ही एकटी. छातीत कळ आली. हाक निघंना, म्हनून मधल्या भिंतीवर ठोकलं. शेजारी घरात हुता. भला मानूस. म्हनला, वरडली असती तर धावलो असतो, कांबळे. पर ठोकं असलं येडंवाकडं आलं, मला वाटलं कुनीतरी खिळा ठोकतंय. मी म्हनलं, कसं वाजलं तेवढं वाजवून दावा. त्येनं भिंतीवर वाजवलं. रडत हुता बिचारा. चार येळा वाजवून घेतलं. मग पाठ झालं."

"पण अण्णा," मी विचारलं, "पाठ कशाला करायचं?"

त्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "शेवटचं बोलली हुती न्हवं ती. कुनीतरी ऐकाय पायजे हुतं."

तेवढ्यात परिचारिकेने हाक मारली. एकालाच सोडणार होते. अण्णा म्हणाले, "जावा तुमी. मी हाय की हितं." आक्का शुद्धीवर आली होती. तिने आधी घरातला गॅस बंद केला का ते विचारलं आणि मग म्हणाली, "अण्णांना सांग, चहाला या म्हणावं. रुसलेत किती दिवस."

निरोप घेऊन मी बाहेर आलो. बोळात गर्दी झाली होती. कुणी डबे घेऊन, कुणी कागद घेऊन धावत होतं. अण्णा त्याच बाकावर बसले होते. मी जिथे बोटाने ठोके वाजवले होते, त्या फळीवर त्यांनी तळवा टेकवून ठेवला होता. एखाद्याची नाडी पाहावी तसा, अगदी हलका.

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी तळवा उचलल्यावरच आक्काचा निरोप सांगितला.