सत्ती-दुर्रीतलं कौशल्य

पूनम सागर सोसायटीतले जितेंद्र सामंत दूध उतू गेल्यामुळे ऑनलाइन पोकरची स्पर्धा जिंकले. शेवटच्या डावात त्यांच्या हातात सत्ती आणि दुर्री होती. पोकरमध्ये याहून भिकार पानं पडत नाहीत. ती टाकून देण्याच्या बेतात असतानाच स्वयंपाकघरातून चर्र आवाज आला. जितेंद्र गॅसकडे धावले आणि त्यांचा अंगठा भलत्याच बटणावर पडून सगळं पणाला लागलं. समोरच्याकडे दोन एक्के होते. पण टेबलावरच्या सामाईक पानांत आणखी दोन सत्त्या निघाल्या आणि तीन सत्त्यांपुढे दोन एक्के हरले.

बक्षीस होतं इलेक्ट्रिक स्कूटर. पत्नी संचिता राई गावच्या शाळेत शिकवायच्या आणि रोज अर्धा-पाऊण तास रिक्षाच्या रांगेत ताटकळायच्या. त्यांनी पहिल्यांदाच पोकरला चांगलं म्हटलं.

स्कूटरच्या आधी कंपनीचं ‘कौशल्य घोषणापत्र’ आलं. विजय कोणत्या कौशल्याने मिळवला? जितेंद्रनी सरळ लिहिलं, “नशिबाने. दूध उतू गेलं.” अर्ज नामंजूर झाला. त्यांनी फोन लावला, तो कंपनीच्या चांदणी मॅडमनी घेतला.

“सर, सिस्टिममध्ये लक असं ऑप्शनच नाहीये. लकने जिंकलात तर तो जुगार झाला ना! आपल्याकडे जुगार नाही चालत.”

“अहो, पण अंगठा खरंच चुकून पडला.”

“मग स्कूटर पण चुकून लागली असं लिहू का?”

फोन स्पीकरवर होता. संचितांनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. जितेंद्रनी नवा अर्ज भरला: “प्रतिस्पर्ध्याच्या मानसिकतेचा सखोल अभ्यास, संयम व योग्य क्षणी धाडस.” दहा मिनिटांत मंजुरी आली आणि आठवड्यात स्कूटर.

आता जिंकणं हे कौशल्य ठरल्यावर हरणं हा दोष ठरणं ओघानेच आलं. दोन एक्केवाले राईचे दशरथ म्हात्रे यांना ‘कौशल्य-न्यूनते’ची नोटीस गेली. प्रशिक्षण घ्या, नाहीतर खातं बंद. प्रशिक्षक म्हणून विजेत्याची नेमणूक झाली. त्याने नकार दिल्यास घोषणापत्राची फेरतपासणी आणि स्कूटर परत.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग भरला. नोटीस एकालाच होती, पण वह्या घेऊन चाळीस जण आले. कुणी दहावीतल्या मुलांनाही आणलं होतं.

साठीचे दशरथ हात जोडून उभे राहिले. “सर, दोन एक्के व्हते माज्याकडं. माजी चूक कुटं झाली, तेवढी सांगा. म्हैनाभर इचार करतोय, गावत न्हाय.”

जितेंद्रना मनापासून लाज वाटली. तुमची काहीच चूक नव्हती, हे वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात दाराशी स्कूटरची चावी घेऊन उभ्या असलेल्या संचिता त्यांना दिसल्या.

“तुम्ही पानांवर विश्वास ठेवलात, दशरथकाका,” ते म्हणाले. “माणसाने तो स्वतःवर ठेवायचा असतो.”

दशरथनी मान खाली घातली. चाळीस जणांनी वाक्य उतरवून घेतलं. उगवत्या सूर्याच्या चित्रावर ते छापून हल्ली सगळ्या ग्रुपवर फिरतंय. तुम्हालाही आलंच असेल, आणि तुम्ही ते पुढे पाठवलंही असेल.