गुरांच्या हौदाचा चार्ज

पगारे काकांना कुणी पाणी दिलं की ते आधी पेला नाकाशी धरतात. डोळे मिटतात. मग निकाल देतात, "बैल पिणार नाही." यजमानीण बिचारी ओशाळते, पेला विसळायला आत जाते आणि काका मागून समजावतात की राग मानू नका, साबणाचा वास माणसाला चालतो, बैलाला चालत नाही.

आमच्या सातपूरच्या कॉलनीत हे सगळ्यांना पाठ आहे. काका शेजारच्याच घरात राहतात, एकटे. त्यांच्याकडे माणसाला, वस्तूला, विचाराला एकच कसोटी आहे. चहा चांगला झाला तर "बैल पिईल". माझ्या आत्तेबहिणीला बघायला आलेला मुलगा फार सेंट मारून आला होता. काकांनी दारातूनच मान हलवली आणि ते स्थळ तिथंच बारगळलं.

यामागे काकांची नोकरी आहे. राज्य मार्गस्थ पशु पेयजल मंडळ! नाव वाचतानाच घसा कोरडा पडतो. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीबैलांना ठिकठिकाणी दगडी हौदांतून पाणी मिळावं म्हणून कधीकाळी हे मंडळ निघालं. पुढे बैल गेले, टेम्पो आले, द्राक्षं एसी गाडीतून फिरायला लागली, मंडळ मात्र जागच्या जागी. काका त्याचे नाशिकचे हौद निरीक्षक, आणि हळूहळू त्याचे सर्व काही. शिपाई निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. तेव्हापासून काका स्वतः घंटी वाजवायचे, स्वतःच उठून बाहेर जायचे आणि दारातून डोकावून विचारायचे, "काय साहेब?" परत खुर्चीत येऊन सांगायचे, "काही नाही, चहा आणा." हे मी स्वतः पाहिलंय.

जनतेच्या पैशावर चाललेला हा तमाशा बंद झालाच पाहिजे, असं आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाचं मत होतं. पत्रक मी लिहिलं: "बैल गेले, टेम्पो आले, पाणी मात्र मंडळच पितंय!" शेजारधर्म वगैरे मी मानत नाही. पहिली प्रत काकांच्याच दारात नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "मार्गस्थ हा शब्द राहिला बघ. असं दिलंस तर अर्धंच मंडळ बंद होईल."

"काका, तुमची नोकरी जाईल यात."

"जाऊ दे की. पण बंद करायची एक पद्धत असते, पत्रकवाले."

तेव्हापासून मी पत्रकवाली झाले. पद्धत त्यांनीच शिकवली. निवेदन कुणाच्या नावे लिहायचं, खाली काय जोडायचं, सगळं. आम्ही त्यांच्या कार्यालयासमोर धरणं धरलं, तर ते बाहेर येऊन म्हणाले, उन्हात काय बसता, पलीकडे कडुनिंब आहे. निवेदन घ्यायला अधिकारी हवा म्हणून आत जाऊन कोट घालून आले. टाळे ठोको आंदोलनाच्या दिवशी तर आम्ही घोषणा, बॅनर, फोटोवाला सगळं नेलं आणि टाळंच विसरलो. काकांनी कार्यालयाचं टाळं दिलं. आम्ही ते वाजतगाजत ठोकलं. फोटो निघाले. मग त्यांनी किल्ली मागून घेतली. सकाळी उघडायचं त्यांनाच होतं.

यशस्वी झालो आम्ही. जीआर निघाला. मंडळ बरखास्त, कामं इतर विभागांकडे वर्ग. आता वर्ग कशी केली ते ऐका. हौद दगडी, म्हणून हौद बांधकाम विभागाकडे. पाणी पाणीपुरवठ्याकडे. गुरं पशुसंवर्धनाकडे. तहान कुणाकडे, याचा उल्लेख नव्हता.

पण चार्ज दिल्याशिवाय काका खुर्ची सोडणार नव्हते. तसे बहुतेक हौद देण्यासारखे उरलेलेच नव्हते. पिंपळगावच्या हौदात एक पॅकहाऊसवाला द्राक्षांचे क्रेट धुतो. येवल्यात एका साडीच्या दुकानानं हौदात शोभेची झाडं लावलीत. काकांनी तिथं "पाणी घालता ना? मग हौद चालू आहे" असा शेरा मारून ठेवला होता. खरा भरलेला असा एकच, हरसूलच्या रस्त्यावर, चढाच्या पायथ्याशी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळीनं त्यात येतं. नळीत पाला अडकतो, तो काढावा लागतो. तळाला शेवाळ धरतं, ते खरवडावं लागतं. काका हे दर बाजाराच्या दिवशी करायचे, एसटीनं जाऊन. त्यांनी तिन्ही विभागांना कळवलं: चार्ज जागेवर मिळेल, भरलेल्या हौदाशी, आणि समक्ष पशूनं पाणी प्यायल्यावर.

तिन्ही विभागांचे साहेब एकाच जीपनं आले. बैल मात्र सापडेना. शेवटी काकांनी एक नंदीबैलवाला गाठला आणि नंदीबैल आला तो टेम्पोतून. मला तर पत्रकच रस्त्यावर उतरल्यासारखं वाटलं. मी स्कूटीवरून मुद्दाम गेले होते. आपल्या विजयाचा शेवट बघायला नको का?

बांधकामवाल्या साहेबांनी हौदावर टिचकी मारली, म्हणाले, दगड घेतला. नंदीनं मान डोलावली. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी पाणी घेतलं, नळी घेतली नाही, कारण नळी लोखंडी. नंदीनं त्यालाही मान डोलावली. पशुसंवर्धनाचे साहेब म्हणाले, नंदी भटका म्हणजे आमच्याकडे येतो की नाही ते बघावं लागेल. नंदीची याला सुद्धा हरकत नव्हती. मग काकांनी त्याला हौदाशी नेलं. नंदीनं पाण्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि शांतपणे माश्या हाकलत उभा राहिला.

"त्यो नाय प्यायचा साहेब," नंदीबैलवाला म्हणाला. "मगाशी पेट्रोलपंपावर बादलीभर पिऊन आलाय."

मी खदखदून हसले. साहेब लोक पण हसले. काकांनी नुसती कॉलर सारखी केली आणि चार्जचा शेवटचा भाग सुरू केला. मंडळाची म्हणे जुनी रीत होती. देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि तळ चाचपायचा. शेवाळ लागलं तर चार्ज नाही. काकांनी बाही सरकवून हात घातला आणि वाट बघत राहिले. एका साहेबांच्या मनगटावर घड्याळ होतं. दुसऱ्यांचा शर्ट नवा होता. तिसरे म्हणाले, हात घालायचं जीआरमध्ये नाही. तिघांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या आणि जेवायला त्र्यंबकला निघून गेले. मागोमाग टेम्पोही गेला.

काका हात पाण्यात घालून तसेच वाकलेले.

"झालं काका," मी म्हटलं. "सह्या झाल्या. निघू या."

"दगड गेला, पाणी गेलं, गुरं गेली. पाला कोण काढणार?"

मला राग आला. हौद कुणासाठी ठेवायचा, मी विचारलं. आहे कुठे बैल? एक आणला तोही गाडीत बसून, पाणी पिऊन आला.

काका म्हणाले, "माझी आई पीत होती इथं."

मी हातातली स्कूटीची किल्ली परत खिशात टाकली.

"मोळी घेऊन बाजाराला यायची. आमच्या गावच्या विहिरीवर आम्हाला हात लावू देत नव्हते. वरून कुणी ओतेपर्यंत ओंजळ धरून उभं राहायचं. कुणाला सवड असली तर. इथं तसं नव्हतं. गुरांच्या हौदावर कोण कुणाला विचारणार? बैलाशेजारी बसायची, पोट भरून प्यायची. मला सांगायची, सरकारनं हा आपल्यासाठीच बांधलाय, बैलाचं नुसतं नाव लावलंय. मला नोकरी लागली तेव्हा चांगली चांगली खाती होती. हे मी मागून घेतलं."

मंडळ बंद व्हायलाच हवं होतं. माझं मत आजही तेच आहे आणि पत्रकातली एकही ओळ मी मागे घेणार नाही. पण त्या तीन सह्यांना मी चार्ज म्हणायला तयार नव्हते. मी ओढणी कमरेला खोचली, बाही सरकवली आणि हात घातला. पाणी असं गार की दंडापर्यंत कळ गेली.

"तळाला फिरव. कोपऱ्यात बघ, कोपऱ्यात जास्त धरतं."

तळ ताटासारखा गुळगुळीत होता. सकाळी आम्ही सगळे यायच्या आधीच येऊन घासला असणार.

"शेवाळ?"

"नाही."

"घेतलास?"

"घेतला."

मी हात बाहेर काढून ओढणीला पुसला. काकांनी काढला नाही. पाण्याकडेच बघत होते.

"खरवडायला नारळाची शेंडी बरी पडते. ब्रश नको," ते म्हणाले. "आता चार्ज तुझा. माझा काही संबंध नाही. पण बाजाराच्या दिवशी तू स्कूटीवर येणार, मागची सीट रिकामीच असणार ना?"