एका दिवसाची रजा

सकाळी दहा वाजता टाचणीबाईंनी शाळेच्या ऑफिसातलं जुनं कपाट उघडलं आणि सव्वादहाला कपाळाला हात लावला.

बाई शाळेच्या कारकून. कागद दिसला की त्याला टाचणी टोचल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून हे नाव. काम तसं किरकोळ होतं. सहा वेळा निवडून आलेले आमदार आता राजकारणातून निवृत्त झाले होते आणि दुपारी चारला शाळेत त्यांचा सत्कार होता. आमदार व्हायच्या आधी ते याच शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना अजून मास्तरच म्हणायचे. मानपत्र लिहून तयार होतं. मास्तरांनी शाळेची नोकरी कधी सोडली, एवढी एक तारीख घालायची राहिली होती.

ती तारीख कुठेच सापडेना. राजीनामाही नव्हता. फाइलीत एकच चिठ्ठी होती, तीस वर्षांपूर्वीची. 'उद्या निवडणुकीचा अर्ज भरायला जायचं आहे. एका दिवसाची रजा मिळावी.'

बाईंना तो दिवस लख्ख आठवला. त्या तेव्हा सातवीत, तिसऱ्या बाकावर. मास्तरांनी फळ्यावर हौदाचं गणित घातलं होतं, एक नळ भरतोय, एक गळतोय. घंटा झाली आणि मास्तर रजेचं विसरून म्हणाले, "उरलेलं उद्या." तो उद्या काही उजाडला नाही.

बाईंनी शिक्षकांचं मस्टर उघडलं. पहिल्याच ओळीत मास्तरांचं नाव आणि पुढे रजा, रजा, रजा. अक्षर बाईंचंच. जुन्या मस्टरांत अक्षर सासऱ्यांचं. बाईंच्या आधी सासरेच इथे कारकून होते आणि 'हातून एक चूक झाली नाही' ही त्यांची उभ्या जन्माची कमाई. खुर्ची सोपवताना ते एवढंच म्हणाले होते, "सूनबाई, पहिलं नाव खोडायचं नाही." बाईंना वाटलं, मोठ्या माणसाचा मान असेल. दर वर्षी नव्या मस्टरात त्यांनी ते इमानेइतबारे उतरवलं. मास्तरांचा पगार तेव्हाच थांबला होता, रजा तेवढी चालू होती.

बाई मुख्याध्यापिकांकडे धावल्या. त्यांना शाळेत मोठ्या बाई म्हणत.

"मोठ्या बाई, एक घोटाळा झालाय."

"केवढा?"

"तीस वर्षांचा."

मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली, मस्टर चाळलं. "म्हणजे मास्तर अजून आपल्याकडे नोकरीला आहेत?"

"रजेवर आहेत."

"अहो, मग मानपत्रातला तिसरा परिच्छेद?"

दोघींनी तो पुन्हा वाचला. 'न कळवता सात दिवस गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाला घरी बसवावे, हा नियम ज्यांनी सभागृहात भांडून करून घेतला...'

"त्या नियमाने पहिले हेच घरी बसतात," मोठ्या बाई खुर्चीत टेकल्या. "आणि स्टेजवर शिक्षण खात्याचे तपासणी साहेब. तो माणूस लग्नाला गेला तरी पाहुण्यांची हजेरी घेईल."

"माझी नोकरी जाईल ती जाईल. पण मामंजींचं नाव जाईल हो. या वयात त्यांना कोणी चुकलात म्हटलं तर अन्न सोडतील."

मग दोघींनी मिळून डोकं चालवलं. मास्तरांची ख्याती अशी की समोर कागद आला की सही. एकदा म्हणे हॉटेलात मेनूकार्डावर सही ठोकून वर 'तातडीने कार्यवाही व्हावी' असं लिहिलं होतं, आणि वेटरने खरंच सगळे पदार्थ आणले. तेव्हा बाईंनी तीस वर्षांपूर्वीच्या तारखेचा राजीनामा टाइप केला आणि अभिप्रायाच्या वहीत टाचून ठेवला. हो, टाचणीनेच.

चारला हॉल गच्च भरला. मामंजी काठी टेकत येऊन पहिल्या रांगेत बसले, शेजारी मास्तरांची बायको. मानपत्र झालं, टाळ्या झाल्या. बाईंनी वही पुढे केली. मास्तरांनी पेन काढलं. मग खिशातून चष्मा काढला.

"हे आता वाचतात," मास्तरांची बायको मामंजींना म्हणाली. "निवृत्त झाल्यापासून जे दिसेल ते. काल औषधाच्या खोक्यातला कागद तीनदा वाचला. तेव्हापासून त्यात लिहिलेलं सगळं यांना होतंय."

मास्तरांनी माइकसमोरच वाचलं. "'मी शिक्षकपदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे.' हे काय? मी दिला नव्हता का?"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. बाईंच्या हातून एक पडलीच.

"मस्टर आणा जरा," तपासणी साहेब म्हणाले.

साहेबांनी पानं उलटली. एक, दोन, दहा. मग वर बघितलं. "हे गृहस्थ एका दिवसाच्या रजेवर तीस वर्षं आहेत. कोणी लिहिलं हे?"

"मीच, साहेब. माझी चूक," बाई म्हणाल्या.

"तिची नाही," काठी आपटली. मामंजी उभे होते. "ती नुसतं उतरवते. सुरुवात माझी. आणि चूक नाही, मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?"

"मास्तर निवडणुकीला उभे राहिले. म्हटलं, साधा माणूस, नक्की पडणार. पडल्यावर परत यायला जागा नको? नाव खोडलं की जागा गेली. तर हे निवडून आले. म्हटलं, पाच वर्षांनी पडतील."

"आणि नंतर?"

"दर वेळी वाटायचं, यंदा नक्की."

मास्तर इतके हसले की चष्मा घसरला. "सहा वेळा लोकांनी डोक्यावर घेतलं. पण पडलो तर कुठे जाईन, याची काळजी तुम्ही एकट्यानेच केली." मग साहेबांकडे वळले. "नियम माझाच आहे. काय शिक्षा?"

"नियमाने घरी बसवायचं."

"घरी नको," पहिल्या रांगेतून मास्तरांची बायको म्हणाली. "घर सोडून कुठेही बसवा."

साहेबांनी बराच विचार केला. "रजेवरच्या माणसाचं नाव कमी करता येत नाही. आधी त्याला रुजू व्हावं लागतं. उद्या एक दिवस कामावर या, संध्याकाळी राजीनामा द्या, विषय संपला."

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले. बाईंनी घड्याळ बघितलं आणि मस्टरात लाल शाईने खूण केली.

"अगं, तीस वर्षांनी येतोय आणि सात मिनिटांचा उशीर धरतेस?"

"तीस वर्षांची रजा मांडलेली आहे, मास्तर. सात मिनिटांची नाही."

मास्तरांनी सातवीच्या फळ्यावर हौद काढला. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, हातात फाइल असल्याचं दाखवत. संध्याकाळी त्यांनी राजीनामा पुढे केला. मास्तरांनी तो दोनदा वाचला, पेन खिशात ठेवलं.

"हौद अजून भरला नाही, पोरी. उरलेलं उद्या."

बाईंनी बिनसहीचा राजीनामा फाइलीत टाचला आणि घरी गेल्या. मामंजी दारातच होते.

"आले का मास्तर?"

"आले."

"बघ," मामंजी समाधानाने आत वळले. "जागा ठेवली म्हणून बरं."