वॉटर्लूचा आमचा डंकन

टॉरकिलच्या हातून झेंडा काढून घ्यायचा, हे मी जानेवारीतच ठरवलं होतं. आमच्या गावच्या ऑगस्टमधल्या खेळांच्या मिरवणुकीत पुढचा झेंडा वॉटर्लूला लढलेल्या शिपायाच्या वंशजाने धरायचा, अशी रीत आहे. गेली नऊ वर्षं तो टॉरकिल धरतोय. पुरावा काय, तर म्हणे आजी सांगायची! आजी तर माझीही सांगायची.

म्हणून मी खेळ समितीत नियमच करून घेतला. ज्याच्या घराण्याचा कागद लष्करी दप्तरात सापडेल, त्याच्याच हाती झेंडा.

"कर बाबा," टॉरकिल म्हणाला. "तुझ्या जिवाला तेवढंच समाधान."

"आणि तुझा कागद?"

"मी मेंढ्या कातरतो, रॉरी. कागद तू आण."

आणलाच. माझ्या खापरपणजोबांचं नाव डंकन मॅथिसन. आठवडाभर संगणकापुढे बसून जुनी दप्तरं उपसली, तर एकाच पलटणीत चार डंकन मॅथिसन निघाले! आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि गावात दगड भिरकावला तर तो मॅथिसनलाच लागतो. चारच निघाले हे नशीब. एक आमांशाने गेला होता. एक दारू पिऊन खंदकात पडला होता. एकाचं पुढे काय झालं ते मी बघितलंच नाही, कारण तोवर चौथा सापडला होता. वॉटर्लूला गुडघ्यात गोळी, वर्तणूक उत्तम, पेन्शन मंजूर. पूर्वज निवडायची संधी माणसाला रोज थोडीच मिळते? मी हाच निवडला.

बायको, इशबेल, बटाटे सोलत होती. तिला छापून काढलेला कागद दाखवला.

"हा तुमच्याच घराण्यातला कशावरून?"

"अगं, गुडघा बघ. माझाही दुखतो."

"तुझा शिडीवरून पडल्यामुळे दुखतो," ती म्हणाली.

जूनच्या बैठकीला सगळं गाव लोटलं. समितीच्या सचिव एफीबाई. त्यांनी आम्हा सगळ्यांना शाळेत शिकवलंय, आणि माझी साठी उलटली तरी त्यांच्यापुढे मी अजून नखं लपवतो. मला रॉरी न म्हणता हजेरीतल्या पूर्ण नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी माझा कागद घेतला आणि उलटून बघितला. मागे कोरा.

"मागची बाजू कुठाय, रॉडरिक?"

"मागे काय असायचंय, बाई? सगळी कीर्ती पुढेच आहे."

"मागे घरदार असतं. मी ती बाजू मागवून घेतलीय." त्यांनी फायलीतून दुसरा कागद काढून वाचला. "डंकन मॅथिसन, राहणार वरची वाडी. थोरला मुलगा टॉरकिल."

आम्ही पिढ्यान्पिढ्या खालच्या वाडीचे. वरच्या वाडीत टॉरकिलचं घराणं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आजी खरं बोलत होती तर," टॉरकिल म्हणाला. "रॉरी, तुझे उपकार कसे फेडू?"

"मग खालच्या वाडीचा डंकन कोण?" मागून कोणीतरी आगाऊपणे विचारलं.

एफीबाईंनी तोही शोधून ठेवला होता. "लढाईसाठी फौज उतरत होती त्या ओस्टेंड बंदरात जहाजातून उतरला आणि त्याच दिवशी परतीच्या जहाजात चढला. लढाईच्या तीन आठवडे आधी. पुढे हजेरीपटावर फरार."

हशा ओसरायला बराच वेळ लागला. मग टॉरकिल उठला. "माझी पाठ धरलीय, यंदा झेंडा मला पेलणार नाही. पण वंशजच हवा ना? इशबेल माझी सख्खी चुलत बहीण. तिला द्या."

मी इशबेलकडे बघितलं. नवऱ्याची लाज राखून ती नाही म्हणेल, अशी माझी खात्री होती.

"चालेल," ती म्हणाली. इतक्या चटकन ती मला लग्नालाही हो म्हणाली नव्हती.

ऑगस्टमध्ये ती झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालली. मी दोरीच्या अलीकडे तिची पर्स आणि रेनकोट सांभाळत उभा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? शेजारी कॅनडाहून आलेलं एक जोडपं होतं. त्यातल्या गृहस्थाने मोठ्या आदराने विचारलं, "तुमच्या घराण्यातलं कोणी होतं का हो वॉटर्लूच्या फौजेत?"

"होतं तर," मी म्हणालो. "सगळ्यांत आधी घरी पोचला, तो आमचाच."